एज की लेव्हल: लिनक्स कर्नलमधल्या इंटरप्ट ट्रिगरची पार्श्वभूमी

इंटरप्ट म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरचं लक्ष वेधायला एका तारेवरून, म्हणजे लाइनवरून, दिलेला इशारा. लाइन वर-खाली होण्याचा क्षण, म्हणजे कड, हा इशारा मानला तर तो एज ट्रिगर; लाइन ठरलेल्या पातळीवर असेपर्यंत इशारा चालू मानला तर लेव्हल. कधी कधी ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट मागताना 'फॉलिंग एज'चा (उतरत्या कडेचा) फ्लॅग दिलेला असतो आणि बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कसं जोडलं आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) त्याच लाइनपुढे 'लेव्हल लो' लिहिलेलं असतं. अशा वेळी कर्नल ड्रायव्हरचं ऐकतो. खरं तर लाइन कशी जोडली आहे हे बोर्डाला माहीत असतं, ड्रायव्हरला नाही. ही माहिती ठेवायची कुठे, हा प्रश्न पीसीइतकाच जुना आहे.

१९८१च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८२५९ए हा इंटरप्ट कंट्रोलर होता. एज की लेव्हल हे ठरवायला त्यात एकच बिट होता आणि तो चिपच्या आठही लाइनना मिळून लागू व्हायचा. आयबीएमने एज निवडलं. त्यामुळे पुढे आयसा या विस्तार-कार्डांच्या बसवर एक लाइन दोन कार्डांना धड वाटून घेता येईना. पहिल्या कार्डाने लाइन वर धरून ठेवली असेल, तर दुसऱ्याच्या इंटरप्टला नवी कड मिळतच नाही आणि तो हरवतो. कॉम१ आणि कॉम३ हे दोन्ही सिरियल पोर्ट लाइन ४ वर असायचे. दोन्ही एकदम वापरताना लोकांना होणारा त्रास यातूनच आलेला.

१९८७मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांतल्या मायक्रो चॅनल बसने लेव्हल स्वीकारली. त्यानंतर ईआयसाने (आयसाच्या विस्तारित आवृत्तीने) जे केलं ते जास्त शहाणपणाचं होतं: हेक्स ४डी० आणि ४डी१ या पोर्टांवर प्रत्येक लाइनसाठी एक बिट. शून्य म्हणजे एज, एक म्हणजे लेव्हल. टायमर, कीबोर्ड अशा ठरावीक लाइन मात्र एजवरच ठेवाव्या लागत. ट्रिगर हा चिपचा नसून लाइनचा गुण आहे, हे पीसीच्या हार्डवेअरने इथे मान्य केलं.

पुढच्या पीसीआय बसने ओपन ड्रेन (डिव्हाइस लाइन फक्त खाली ओढू शकतं), लेव्हल लो हा नियमच केला, म्हणून तिथे लाइन वाटून घेता येते. त्याची किंमतही आहे. हँडलरने, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनने, डिव्हाइसमधलं कारण पुसलं नाही, तर लाइन खालीच राहते आणि तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो. यावर लिनक्समध्ये एक कुंपण आहे: १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९००हून जास्त कुणीच आपले म्हटले नाहीत, तर कर्नल 'नोबडी केअर्ड' असा संदेश देऊन ती लाइन बंद करतो. मग त्या लाइनवरची निर्दोष डिव्हाइसंही अडकतात. एमएसआय या पीसीआयच्या वेगळ्या लाइनविना चालणाऱ्या पद्धतीत इंटरप्ट म्हणजे मेमरीत एक लिहिणं, त्यामुळे तो स्वभावतःच एज आहे.

कर्नलमध्ये आधी सगळे प्रकार एकाच मोठ्या फंक्शनमधून जायचे. एआरएम प्रोसेसरसाठीच्या कोडमध्ये रसेल किंग यांनी लेव्हल, एज आणि साधा असे प्रवाह वेगळे केले. तीच कल्पना इंगो मोलनार आणि थॉमस ग्लाइक्सनर यांच्या जेनआयआरक्यू या सामायिक इंटरप्ट थराने २००६मध्ये, २.६.१८पासून, सर्व आर्किटेक्चरसाठी आणली. लेव्हलच्या प्रवाहात आधी लाइन मास्क (तात्पुरती बंद) होते, मग हँडलर चालतो, मग अनमास्क. एजमध्ये आधी कंट्रोलरला पोच दिली जाते, म्हणजे हँडलर चालू असताना आलेली कड नोंदली जाते आणि हँडलर पुन्हा चालतो. थ्रेडेड हँडलरना (ज्यांचं काम नंतर वेगळ्या थ्रेडमध्ये होतं) वन-शॉट फ्लॅग (थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क ठेवणारा) लागतो तोही यामुळेच: थ्रेड संपायच्या आत लेव्हल लाइन अनमास्क झाली, तर थ्रेडला कारण पुसायची संधीच मिळत नाही.

आता ड्रायव्हरच्या फ्लॅगकडे. किमती सोप्या आहेत: चढती कड १, उतरती कड २, लेव्हल हाय ४, लेव्हल लो ८. डिव्हाइस ट्रीमध्येही हेच आकडे वापरतात. आयटूसी बसवरचा टचस्क्रीन कंट्रोलर घ्या. त्याची लाइन स्टेटस पुसेपर्यंत खाली राहते. ड्रायव्हरने उतरती कड मागितली आणि बूटलोडरच्या काळातच लाइन खाली गेलेली असेल, तर कड कधीच येत नाही आणि स्क्रीन मुका राहतो. स्टेटस वाचणं आणि लाइन वर येणं यांच्या मधल्या फटीत दुसरी घटना घडली, तरी हीच गत. बोर्डावर मध्ये इन्व्हर्टर असेल तर आणखी वाईट: इंटरप्ट कंट्रोलरला उतरती कड दिसते ती डिव्हाइसने लाइन सोडल्यावर, आणि दखल घेतल्याशिवाय डिव्हाइस लाइन सोडत नाही.

म्हणून डिव्हाइस ट्री किंवा एसीपीआय (फर्मवेअरने दिलेलं हार्डवेअरचं वर्णन) असेल तिथे ड्रायव्हरने ट्रिगरचा फ्लॅग देऊच नये. मग कर्नल लाइनवर आधी ठरलेला प्रकार तसाच ठेवतो. डिव्हाइसच्या आउटपुटची दिशा रजिस्टरमधून बदलता येत असेल, तर 'आयआरक्यू_गेट_ट्रिगर_टाइप'ने प्रकार विचारून रजिस्टर त्याप्रमाणे भरावं. वाटून घेतलेल्या लाइनवर दोघांचे प्रकार जुळले नाहीत, तर दुसऱ्याला 'फ्लॅग्ज मिसमॅच' हा संदेश आणि ईबिझी ही त्रुटी मिळते. एआरएमचा जीआयसी हा इंटरप्ट कंट्रोलर बाहेरच्या लाइनवर फक्त चढती कड आणि लेव्हल हाय स्वीकारतो, बाकीच्याला ईइनव्हॅल ही त्रुटी. प्रत्यक्षात काय लागू झालं ते 'सिस/कर्नल/आयआरक्यू'खाली त्या क्रमांकाच्या 'टाइप' फाइलमध्ये दिसतं.

जुन्या ड्रायव्हरमधले फ्लॅग सरसकट काढणं मात्र जोखमीचं आहे. कित्येक बोर्डांच्या डिव्हाइस ट्रीमध्ये प्रकार चुकीचा किंवा शून्य लिहिलेला आहे, आणि ड्रायव्हरच्या फ्लॅगमुळे ते आजवर झाकलं गेलं. आधी त्या नोंदी सर्किटच्या नकाशाशी ताडून दुरुस्त कराव्यात, मग फ्लॅग काढावा.