‘ब्लेमलेस’ शब्द आला कुठून आणि अडला कुठे

सॉफ्टवेअर सेवा बंद पडण्यासारख्या घटनेनंतरच्या, म्हणजे इन्सिडेंटनंतरच्या बैठकीला ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टम’ (कुणावर ठपका न ठेवता केलेली चिकित्सा) म्हणायची पद्धत साधारण २०१२पासून पसरली. त्या वर्षी हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एका अमेरिकी संकेतस्थळाच्या तांत्रिक विभागातल्या वरिष्ठाने एक लेख लिहिला. शिक्षेची भीती असलेला इंजिनीअर आपण नेमकं काय बघून काय ठरवलं ते गिळून टाकतो, आणि तोच तपशील हाती नसल्याने तीच चूक पुन्हा घडते, असं त्याचं म्हणणं होतं.

आधीचं थोडक्यात. १९६८ची जर्मनीतली सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवरची परिषद रखडणाऱ्या वेळापत्रकांची आणि वाढत्या खर्चाची चिंता करत होती. २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात जमलेल्या १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी ‘लोकांवर विश्वास ठेवा’ असं लिहून ठेवलं. पण सर्व्हर सांभाळणारी टीम वेगळीच राहिली आणि रात्री प्रॉडक्शन (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ती यंत्रणा) पडलं की बोटं एकमेकांकडे वळत राहिली. २००९मध्ये एका भाषणात दिवसाला दहाहून अधिक डिप्लॉय (नवा कोड प्रत्यक्ष वापरात आणणं) केल्याचं जाहीर झालं, त्याच वर्षी बेल्जियममधल्या दोन दिवसांच्या संमेलनातून ‘डेव्हऑप्स’ (कोड लिहिणाऱ्यांनी आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एकत्र काम करणं) हा शब्द निघाला. दिवसाला दहा डिप्लॉय करायचे तर प्रत्येक रोलबॅकला (फसलेला बदल मागे घेताना) गुन्हेगार शोधत बसणं परवडणारंच नव्हतं.

कल्पना मात्र सॉफ्टवेअरची नाही. दुसऱ्या महायुद्धात काही अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक विमान उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांऐवजी) चाकंच आत ओढून घेत. ठपका त्यांच्यावर. एका मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच. पुढे १९७६मध्ये वैमानिकांनी चुका स्वतःहून कळवण्याची योजना आली. दहा दिवसांत कळवलं तर दंडातून सूट. पण मुद्दाम केलेलं कृत्य किंवा गुन्हा असेल तर ही सूट नाही.

नेमकी ही अट शब्द उचलताना मागे राहिली, आणि सगळा घोळ तिथे आहे. एका गटाच्या लेखी ‘ब्लेमलेस’ म्हणजे कुणालाच काही विचारायचं नाही. दुसऱ्या गटाला हे लाड वाटतात. मूळ लेखात जबाबदारी झटकलेलीच नव्हती: ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच घडलेलं सविस्तर सांगायचं आणि दुरुस्तीत भाग घ्यायचा, ही तिथली जबाबदारी होती. माझ्या मते, आरसीएच्या (मूळ कारण शोधण्याच्या) फॉर्मवर मूळ कारण म्हणून ‘ह्यूमन एरर’ लिहून टिकेट (घटनेची नोंद) बंद करणाऱ्या टीमने हा शब्द वापरूच नये.

नमुना म्हणून ३१ जानेवारी २०१७चं प्रकरण बघा. कोड साठवणाऱ्या एका सेवेत रात्री उशिरा काम करणाऱ्या इंजिनीअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची फोल्डर उडवायला घेतली. दोनेक सेकंदांत हात थांबला, पण सुमारे ३०० जीबीतले जेमतेम ४.५ जीबी उरले. बॅकअप रोज घेतला जातोय असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने तो फसत होता, आणि फसल्याचे ईमेल नाकारले जात असल्याने कुणाला पत्ताच नव्हता. काही तासांपूर्वी योगायोगाने हाताने घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता म्हणून नुकसान सहा तासांच्या डेटावर भागलं. कंपनीने हे सगळं जाहीर लिहिलं. दुरुस्त्यांच्या यादीत एक काम होतं: कोणत्या सर्व्हरवर आहोत ते चटकन कळावं म्हणून टर्मिनलचा प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायच्या ओळीच्या सुरुवातीचा मजकूर) बदलणे. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच सारखे दिसणारे खटके!

गेल्या दशकभरात चार मोजमापं रूढ झाली: डिप्लॉय किती वेळा, बदल पोचायला किती वेळ, किती बदल फसले आणि सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागला. टीमने स्वतःसाठी पाहिली तर ती उपयोगी आहेत. अप्रेझलला जोडली की इन्सिडेंटची व्याख्याच आक्रसते. दहा मिनिटांचं डाउनटाइम ‘ब्लिप’ (क्षणिक अडथळा) ठरतं, कुणीतरी चॅटवर ‘झालं, आता ठीक आहे’ असं टाकतं आणि टिकेट उघडलंच जात नाही.