चौदाव्या राउंडचे ओझे

पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जागतिक विजेतेपदाची लढत आज १२ राउंडची असते. १९८२ साली ती १५ राउंडची होती. हे तीन राउंड गेले ते दक्षिण कोरियाच्या किम दुक-कू या लाइटवेट बॉक्सरच्या मृत्यूनंतर. नियमपुस्तिकेत एवढीच नोंद सापडते. पण त्या मृत्यूनंतर जे जिवंत राहिले, त्यांचे काय झाले हे समजल्याशिवाय हा नियम नीट समजत नाही.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसच्या आवारात, उघड्यावर उभारलेल्या रिंगमध्ये किमसमोर रे मॅन्सिनी होता. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या यंग्सटाउनचा, वय २१, डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा विजेता. त्याचे वडील लेनी हेही लाइटवेटमधले नावाजलेले बॉक्सर. दुसऱ्या महायुद्धात ते जखमी झाले आणि विजेतेपदाची संधी हुकली. वडिलांचे राहिलेले स्वप्न पुरे करणारा मुलगा म्हणून अमेरिकेने रेवर जीव लावला होता. लढत सीबीएस या टीव्ही वाहिनीवरून थेट घराघरांत दिसत होती.

किमला लाइटवेटच्या १३५ पौंडांच्या मर्यादेत बसण्यासाठी शेवटच्या दिवसांत बरेच वजन उतरवावे लागले होते. तरीही तो तेरा राउंड मॅन्सिनीच्या अंगाला अंग लावून लढला. चौदावा राउंड सुरू होऊन वीस सेकंदही झाली नसतील, तोच मॅन्सिनीच्या उजव्या ठोशाने तो पाठीवर पडला. डोके कॅनव्हासवर आपटले. दोर धरून तो कसाबसा उभा राहिला. रेफरी रिचर्ड ग्रीन यांनी लढत थांबवली. काही मिनिटांत किम बेशुद्ध झाला. मेंदूची शस्त्रक्रिया झाली, पण चार दिवसांनी तो गेला.

आत नेमके काय घडते ते पाहू. मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. त्याच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या जाड आवरणाकडे बारीक शिरा जातात. ठोशाने डोके झटक्यात वळते, कवटी आधी फिरते, मेंदू मागे राहतो, आणि त्या ताणात एखादी शीर तुटते. रक्त आवरणाखाली साठते. कवटी ताणली जात नसल्याने दाब सगळा मेंदूवर येतो. धोका असा की शीर तुटल्यावरही बॉक्सर काही वेळ उभा राहू शकतो, बोलू शकतो. वजन उतरवताना शरीरातले पाणी कमी झालेले असेल तर धोका वाढतो, असे अनेक डॉक्टर मानतात. थकलेल्या मानेला डोके सावरता येत नाही, हेही खरेच. राउंड कमी करण्यामागचा विचार हाच होता.

विजेतेपदे देणाऱ्या संघटना अनेक आहेत. त्यांपैकी डब्ल्यूबीसीने डिसेंबर १९८२ मध्येच १२ राउंडचा निर्णय जाहीर केला. डब्ल्यूबीएने १९८७ मध्ये आणि आयबीएफने १९८८ मध्ये तेच केले. १५ राउंड, मधल्या विश्रांतीसह, ५९ मिनिटे चालतात. १२ राउंड ४७ मिनिटे. टीव्हीच्या तासाभराच्या कार्यक्रमात दुसरा आकडा अधिक सोयीने बसतो, हेही नजरेआड करू नये.

किमच्या आईने काही महिन्यांत स्वतःचे जीवन संपवले. १ जुलै १९८३ रोजी रेफरी ग्रीन यांनीही तेच केले. त्यांच्या मृत्यूचा संबंध थेट त्या लढतीशी जोडणे योग्य नाही, ते कारण कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. किमची वाग्दत्त वधू तेव्हा गरोदर होती. मुलगा वडील गेल्यानंतर जन्मला. मॅन्सिनी पुन्हा रिंगमध्ये उतरला, १९८४ मध्ये लिव्हिंगस्टन ब्रॅम्बलकडून हरला आणि हळूहळू खेळापासून दूर झाला. माणसाला मारल्यावर कसे वाटते, असे लोक त्याला तोंडावर विचारत. नियमाप्रमाणे त्याने एकही गैर ठोसा मारला नव्हता. म्हणूनच ते ओझे उतरवायला जागा नव्हती. गुन्हा असता तर निदान शिक्षा असती.

हे पहिल्यांदा घडत नव्हते. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथने बाराव्या राउंडमध्ये बेनी पॅरेटला कोपऱ्यात गाठले. पॅरेटचे भान हरपले होते, पण दोरांनी त्याला खाली पडू दिले नाही. रेफरी रूबी गोल्डस्टीन मध्ये पडेपर्यंत ठोसे बसत राहिले. पॅरेट ३ एप्रिलला गेला. तीनच महिन्यांपूर्वी जीन फुलमरने त्याला नॉकआउट केले होते. एवढ्या लवकर त्याला पुन्हा उतरवणे हीच पहिली चूक होती. वजन करताना पॅरेटने ग्रिफिथला समलिंगी म्हणून हिणवले होते. त्यामुळे ते ठोसे रागाचे होते का, हा प्रश्न ग्रिफिथला जन्मभर चिकटला. त्याला दुःस्वप्ने पडत. पुढेही तो कित्येक वर्षे लढला, पण समोरचा डगमगला की त्याचा हात आखडायचा. एबीसी या टीव्ही वाहिनीवर लोकांनी हे थेट पाहिले होते, वर संथ गतीत पुन्हा दाखवलेले पाहिले होते. दोनच वर्षांत एबीसीने बॉक्सिंगचा नियमित कार्यक्रम बंद केला.

१९६३ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला डेव्ही मूर शुगर रामोसकडून हरला. पडताना त्याची मान खालच्या दोरावर आपटली होती. त्याच्या मृत्यूनंतर दोरांच्या रचनेची चर्चा झाली आणि तीनऐवजी चार दोरांचा आग्रह वाढला.

लंडनमध्ये २१ सप्टेंबर १९९१ रोजी मान पुन्हा दोरावरच आदळली. मायकेल वॉटसनने अकराव्या राउंडच्या शेवटी ख्रिस युबँकला खाली पाडले. युबँक उठला आणि त्याच्या अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, वॉटसन मागे दोरांवर गेला. बाराव्यात लढत थांबली, वॉटसन कोसळला. डॉक्टर त्याच्यापर्यंत पोचायला सात मिनिटे लागली. आधी नेले ते रुग्णालय मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नसलेले, तिथून दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले. ४० दिवस तो कोमात होता. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर दावा लावला आणि २००० साली अपील न्यायालयानेही त्याच्या बाजूने निकाल दिला: श्वास चालू ठेवण्याचे उपचार रिंगपाशीच सुरू व्हायला हवे होते. श्वसननलिका घालू शकणारा डॉक्टर, ऑक्सिजन, तयार रुग्णवाहिका आणि आधीच कळवून ठेवलेले न्यूरोसर्जरीचे रुग्णालय या गोष्टींना आज जे वजन आहे, त्यात या निकालाचा वाटा मोठा आहे. २००३ मध्ये वॉटसनने लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत पूर्ण केली; शेवटच्या टप्प्यात युबँक त्याच्याबरोबर चालत होता.

प्रेक्षकांच्या वाट्याला काय येते, याचे सगळ्यांत बोचरे उदाहरण २५ फेब्रुवारी १९९५ चे आहे, पुन्हा लंडनचेच. पहिल्या राउंडमध्ये जेराल्ड मॅक्लेलनने नायजेल बेनला दोरांबाहेर फेकले, बेन परतला आणि सभागृह दणाणून गेले. पुढच्या काही राउंडांमध्ये मॅक्लेलन सारखा डोळे मिचकावत होता, दातांवरचे गमशील्ड तोंडाबाहेर लोंबत होते. आज ही चिन्हे दिसताच कॉर्नरमधल्या साथीदारांनी टॉवेल टाकून लढत सोडायला हवी. दहाव्यात तो गुडघ्यावर बसला आणि आकडे मोजून संपेपर्यंत उठला नाही. समालोचनात त्याने हार मानल्याची टीका झाली. तो वाचला, पण दृष्टी गेली, ऐकू येणेही बरेच गेले, आणि बहिणींवर त्याची देखभाल आली. त्या रात्री घसा फोडून ओरडलेली माणसे ती लढत आजही थोर म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा आवाज खाली येतो. दोन्ही खरे आहे.

आपल्याकडे बहुतेक जण बॉक्सिंग पाहतात ते ऑलिंपिकचे, तीन मिनिटांच्या तीन राउंडचे. त्यामुळे हा इतिहास फारसा पोचलेला नाही.

मॅन्सिनीला किमचा मुलगा आणि त्याची आई २०११ मध्ये भेटली, मॅन्सिनीच्याच घरी. मुलगा तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. तो मॅन्सिनीला दोष द्यायला आला नव्हता.

१२ ऑक्टोबर २०१९ रोजी शिकागोत चार्ल्स कॉनवेलने पॅट्रिक डेला दहाव्या राउंडमध्ये नॉकआउट केले. डे चार दिवसांनी गेला. कॉनवेलने त्याला उद्देशून जाहीर पत्र लिहिले: ती लढत मनात पुन्हा पुन्हा चालू होते, बॉक्सिंग सोडायचा विचार आला होता. पुढच्या फेब्रुवारीत तो परत लढला. तोही ओहायोचा, आणि त्या रात्री त्याचे वय २१ होते.