फेस मारायचा की जपायचा: हरभऱ्याच्या पाण्याची पार्श्वभूमी

होळीच्या दिवशी आमच्या सांगलीच्या घरात सकाळचं पहिलं काम म्हणजे हरभऱ्याची डाळ शिजायला टाकणं. आधण आलं, डाळ पडली, की थोड्याच वेळात पातेल्यात पांढरा फेस चढायला लागतो. आई डावानं तो फेस काढून टाकते, मग चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल सोडते. तेल पडलं की फेस बसतो आणि पातेलं उतू जात नाही. डाळ बोटचेपी झाली की वरचं पाणी वेळून काढायचं. तीच येळवणी. पुण्याकडं तिला कट म्हणतात आणि कटाची आमटी करतात. आमच्या कृष्णाकाठाला येळवणीची आमटी. गोडा मसाला, चिंच, गूळ, भाजलेलं खोबरं आणि थोडं पुरण घालून केलेली ती आमटी दुसऱ्या दिवशी शिळी जास्त चांगली लागते, यावर तरी सांगलीत दुमत नाही.

आई ज्या फेसाला तेल सोडून बसवते, तोच फेस गेली दहाएक वर्षं युरोप-अमेरिकेत अंड्याच्या पांढऱ्याऐवजी वापरला जातो. तिकडं त्याला ॲक्वाफाबा असं नाव आहे. काबुली चणे शिजवलेलं पाणी घोटून घोटून बर्फासारखा फेस करायचा, त्यात साखर घालायची, मंद आचेवर भाजायचं, की अंड्याशिवाय मेरांग, म्हणजे फेस आणि साखरेची ती हलकी कुरकुरीत मिठाई, तयार होतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मनात आलं, हे तर आपलंच आहे. आता तसं वाटत नाही. येळवणी आपली आहे, पण तिचा फेस आपण कधी वापरला नाही. हा फरक कुठून आला ते बघण्यासारखं आहे.

तिकडची गोष्ट सुरू होते ती पत्र्याच्या डब्यापासून. अन्न बंद भांड्यात घालून उकळलं तर ते महिनोन्‌महिने टिकतं, हे फ्रान्सच्या निकोला अपेर यानं दाखवलं आणि १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. त्यानं काचेच्या बरण्या वापरल्या होत्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं पत्र्याच्या डब्यांचं पेटंट घेतलं. पुढं घेवडा, राजमा, काबुली चणे, सगळंच डब्यात गेलं. हे चणे बंद डब्यातच दाबाखाली शिजतात आणि मग कित्येक महिने त्याच पाण्यात मुरत पडतात. त्यामुळं डब्यातलं पाणी आपल्या कुकरमधल्या पाण्यापेक्षा बरंच दाट, चिकट, जवळजवळ अंड्याच्या पांढऱ्यासारखं असतं. तिकडच्या स्वयंपाकघरात डबा उघडायचा, चाळणीत ओतायचा, चणे नळाखाली धुवायचे आणि पाणी मोरीत सोडायचं, अशी पद्धत. आपल्याकडं जे पाणी आमटी व्हायचं, ते तिकडं कचरा होतं. माझ्या मते शोध तिकडं लागायचं एक मोठं कारण हेच. आपल्याकडं त्या पाण्याला आधीच काम होतं. तिकडं ते रिकामं होतं, म्हणून कुणाला तरी त्याचं काय करता येईल हे बघावंसं वाटलं.

ते बघणारा माणूस आचारी नव्हता. जोएल रोसेल हा फ्रान्समधला गायक. तो अंडी खात नसे. वेगवेगळ्या वनस्पतींच्या पाण्याला फेस येतो का, याचे प्रयोग तो करत होता. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच्या लक्षात आलं की डब्यातल्या कडधान्यांचं, आणि खास करून काबुली चण्यांचं पाणी घोटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. प्रयोग त्यानं लपवून ठेवले नाहीत. त्यावरून फ्रान्समध्येच कुणी चण्याच्या पाण्याचं चॉकलेट मूस, म्हणजे चॉकलेटचा हलका फेसाळ गोड पदार्थ, करून दाखवलं. ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गूस वोल्ट या सॉफ्टवेअर अभियंत्यानं पाहिलं. रोसेलच्या मेरांगमध्ये फेस धरून ठेवायला स्टार्च आणि गोंदासारखे पदार्थ होते. वोल्टनं मार्च २०१५ मध्ये दाखवून दिलं की त्याची गरज नाही, चण्याचं पाणी आणि साखर एवढंच पुरतं. नाव त्यानंच ठेवलं. लॅटिनमध्ये ॲक्वा म्हणजे पाणी, फाबा म्हणजे शेंगेतला दाणा. अर्थ बघितला तर आपली येळवणीच.

मग ज्या वेगानं हे पसरलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. हजारो लोकांनी आपापल्या ओट्यावर करून बघितलं, फसलं ते फसलं म्हणून सांगितलं, जमलं ते प्रमाणासकट सांगितलं. कुणी मॅकरॉन, म्हणजे बदामाच्या पिठाची हलकी बिस्किटं, केले, कुणी मेयोनेज, कुणी लोणी. त्याच वर्षी अमेरिकेत बर्ड फ्लूची मोठी साथ आली, जवळपास पाच कोटी कोंबड्या आणि टर्की मेल्या किंवा माराव्या लागल्या, अंड्यांचे भाव भडकले. त्यामुळं अंड्याला पर्याय शोधणारे आणखी वाढले. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर केन्सिंग्टन्स या कंपनीनं चण्याच्या पाण्याचं मेयोनेज बाजारात आणलं. त्यासाठी लागणारं पाणी त्यांना हमस, म्हणजे चणे वाटून केलेली चटणी, करणाऱ्या कारखान्याकडून मिळायचं. जे पाणी तो कारखाना टाकून देत होता, ते दुसऱ्याचा कच्चा माल झालं.

या पाण्यात असतं तरी काय? कॅनडातल्या सस्काचेवान विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा बराच अभ्यास केला आहे. चणे शिजताना त्यांच्यातली विरघळणारी प्रथिनं, काही पिष्टमय पदार्थ आणि सॅपोनिन पाण्यात उतरतात. सॅपोनिन हा आपल्याला नवा नाही. रिठ्याला फेस येतो तो त्याच्यामुळंच, ज्या रिठ्यानं आमच्या आज्या रेशमी लुगडी आणि सोन्याचे दागिने धूत. घोटताना पाण्यात हवा शिरते, प्रथिनं आणि सॅपोनिन त्या हवेच्या बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात, आणि दाट पाण्यामुळं तो पापुद्रा लवकर फाटत नाही. एक गंमत लक्षात घ्या. अंड्याच्या पांढऱ्यात सुमारे १० टक्के प्रथिन असतं, चण्याच्या पाण्यात कसंबसं एक-दीड टक्का. तरी फेस जवळपास तेवढाच फुलतो. डब्यात मीठ किंवा रंग टिकवणारी रसायनं नसतील, तर ते पाणी आणखी चांगलं फेसाळतं, असंही त्या संशोधकांना दिसलं.

सॅपोनिनचा फेस खाण्यात वापरणं हे मात्र २०१४ चं नाही. सीरिया आणि लेबनॉनमध्ये नातेफ नावाचा पांढराशुभ्र, मऊ गोड फेस करतात. एका रोपाची मुळं उकळून ते पाणी घोटायचं, त्यात साखरेचा पाक घालायचा. ती मुळंही सॅपोनिनचीच, आपल्या रिठ्याच्या गुणाची. पिस्ते भरलेल्या बिस्किटांबरोबर हा नातेफ खातात. अंड्याविना मेरांग म्हणायचं तर त्याचा हा खरा पूर्वज. आपल्याकडं रिठा न्हाणीघरातच राहिला.

आता आईच्या चमचाभर तेलाकडं परत येऊ. बुडबुड्याचा पापुद्रा तेलामुळं फाटतो. म्हणूनच मेरांग करणारे भांडं लिंबानं पुसून घेतात, तुपाचा अंशही चालत नाही. आणि आपण डाळीत मुद्दाम तेल टाकतो. आपल्या बायकांना फेस माहीत नव्हता असं नाही. चांगलाच माहीत होता, आणि तो कसा मारायचा याचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. पातेलं उतू जाऊ नये, डाळ पोटाला जड पडू नये, हे त्यांचे प्रश्न होते. छोल्यांचंही तेच. आपण चणे शिजवताना मीठ घालतो, सोडा घालतो, चहाची पुरचुंडी टाकतो, आणि ते पाणी रश्शातच जातं. मागं उरतच नाही. म्हणून ‘हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं’ असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. त्यांना त्या पाण्याची चव आणि दाटपणा ठाऊक होता, आणि त्यातून त्यांनी जी आमटी काढली ती कुठल्याही मेरांगपेक्षा मला प्यारी आहे. पण पाण्यात हवा कोंडायची कल्पना दुसऱ्यांची, त्याचं श्रेय त्यांनाच द्यायला हवं.

मी डाळीच्या येळवणीवरही प्रयोग केला. तेल-हळद न घालता शिजवली, पाणी आटवलं, गार केलं, घोटलं. फेस आला, पण साखर पडताच बसला. डाळीची साल आणि अखंड दाणा गेलेला असतो, पीठ पाण्यात जास्त उतरतं, पाणी गढूळ होतं. अख्खे काबुली चणे घेतल्यावर जमलं. जत-आटपाडीकडं रब्बीत जो बारीक देशी हरभरा होतो, त्याच्या पाण्यालाही फेस येतो, पण रंग तपकिरी आणि वास उग्र, मेरांगला न शोभणारा.

सांगलीत याची गरज कुणाला, हा प्रश्न मात्र विचारायची गरज नाही. दक्षिण महाराष्ट्रातला जैन समाज मोठा, आणि इथं तो गावोगावी शेती करणारा आहे. त्याच्या जोडीला माळकरी घरं. वाढदिवसाला केक कापायची पद्धत दोन्हीकडं आली, अंडं मात्र कुणाच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. पूर्वी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून घरी केक व्हायचा. कंडेन्स्ड मिल्क, दही, सोडा, व्हिनेगर यांवर तो फुलायचा. मग बेकऱ्यांवर ‘एगलेस’ पाट्या लागल्या, आता तर तयार पीठ आणि वनस्पती तेलाचं फेटलेलं क्रीम सगळीकडं मिळतं. म्हणजे साध्या केकसाठी चण्याच्या पाण्याचं अडलेलं नाही. दही-सोड्याचा केक उत्तम होतो, आणि ज्यांना जमतो त्यांनी तोच करावा असं मी म्हणेन. केकमध्ये घालायचंच तर एका अंड्याला साधारण तीन मोठे चमचे पाणी हे प्रमाण. पण एंजल फूडसारखा, निव्वळ पांढऱ्याच्या फेसावर उभा राहणारा केक यानं होत नाही. अंड्याचं प्रथिन उष्णतेनं घट्ट बसतं, चण्याच्या पाण्याचा फेस तसा बसत नाही, तो फक्त सुकतो. ओव्हनमध्ये फुगतो आणि बाहेर काढला की खाली येतो.

त्याची खरी जागा आहे ती मेरांग, मॅकरॉन, मूस आणि केकवरचं साखरेचं घट्ट आयसिंग इथं. म्हणजे जे पदार्थ अंडं न खाणाऱ्या सांगलीकराला आजवर चाखताच आले नव्हते, तिथं.

जैन घरासाठी करायचं तर आधी विचारून घ्यावं. न तापवलेलं दूध, दही, ताक यांच्यात डाळ-कडधान्य मिसळायचं नाही, हा द्विदलाचा नियम काही घरं कटाक्षानं पाळतात. त्यांच्याकडं दह्याच्या केकमध्ये चण्याचं पाणी घालणं चालणार नाही, आणि ‘एगलेस आहे’ एवढं सांगून ते खपवणं बरोबर नाही. नुसती साखर आणि चण्याचं पाणी असलेलं मेरांग मात्र या नियमात अडकत नाही. माझ्या एका जैन मैत्रिणीच्या सासूबाईंनी पहिलं मेरांग हातात घेऊन तीन वेळा विचारलं, “खरंच हरभऱ्याचं? अगं, बत्ताशासारखं लागतंय.” बत्तासा ही तुलना मला फार नेमकी वाटली.

करायचं असं: एक वाटी काबुली चणे रात्रभर भिजवायचे आणि ते भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं. त्यात कच्च्या कडधान्यातले पोटाला न सोसणारे पदार्थ असतात, ते आपल्या कामाचं नाही. ताज्या पाण्यात, चण्यांच्या वर दोन बोटं येईल इतक्याच, मीठ-सोडा-तेल काही न घालता कुकरला चांगले मऊ शिजवायचे. मग चणे त्याच पाण्यात फ्रिजमध्ये रात्रभर राहू द्यायचे. डब्यात जे महिन्यांत होतं, त्याचा थोडा अंश या एका रात्रीत मिळतो. सकाळी गाळलेलं पाणी पातळ वाटलं तर आटवायचं, बोटाला तार लागेल इतपत. पुन्हा गार करायचं. अर्ध्या वाटी पाण्याला लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब, आणि बीटरनं दहा-पंधरा मिनिटं घोटायचं. आमच्याकडं पहिल्यांदा हातानं घोटायचा हट्ट झाला होता, त्यात खांदा भरून आला आणि फेस आला नाही. बीटरच हवा. फेसाचे शेंडे उभे राहायला लागले की पिठीसाखर चमचा-चमचा घालायची, एकदम ओतायची नाही. ओव्हन १०० अंशांवर, दीड-दोन तास, आणि बंद केल्यावरही आतच गार होऊ द्यायचं. भाजल्यावर हरभऱ्याचा वास राहत नाही, कच्च्या फेसाला मात्र तो असतो, त्यामुळं मधेच चाखून नाउमेद होऊ नये.

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलेलं असताना हे करू नये, हवेतल्या ओलाव्यानं मेरांग ताटातच पाघळतं. संक्रांत ते होळी हा खरा हंगाम. उरलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतं, आणि चण्यांची उसळ त्याच दिवशी होते. होळीला मी आता आईच्या डाळीच्या पातेल्याशेजारी दुसऱ्या शेगडीवर काबुली चण्यांचा कुकर ठेवते. तेलाचा चमचा दोन्हीकडं फिरू नये म्हणून तो तिच्याच हातात असतो.