एमपीएच केल्यावर पुढे काय? जाहिरातीतल्या तिरप्या रेघेची पार्श्वभूमी

जिल्हा साथरोगतज्ज्ञाच्या कंत्राटी पदाची जाहिरात निघते तेव्हा अर्हतेच्या रकान्यात साधारण असा मजकूर असतो : 'कोणताही वैद्यकीय पदवीधर, सोबत एमपीएच / एमएचए / आरोग्य विषयातील एमबीए'. एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी; तिच्यात साथ कशी पसरते, ती कशी मोजायची आणि कुठे अडवायची हे शिकवतात. एमएचए रुग्णालय चालवायला शिकवते. तिसरी पदवी व्यवस्थापनाची. मधल्या तिरप्या रेघेने मात्र तिन्ही एकाच भावात बसवल्या आहेत. शिवाय बी.एस्सी. किंवा समाजकार्याच्या पदवीनंतर एमपीएच केलेला उमेदवार पहिल्या तीन शब्दांतच बाद होतो. दोन वर्षे तो बीएएमएसवाल्याच्या शेजारी बसून तेच पेपर सोडवत होता, पण छाननीच्या यादीत त्याच्या नावापुढे 'अपात्र' पडते.

या रेघेचे मूळ बरेच मागे आहे. अमेरिकेत 1915 च्या एका अहवालाने सार्वजनिक आरोग्य हा वैद्यकीपेक्षा वेगळा पेशा मानला आणि त्यासाठी विद्यापीठात स्वतंत्र संस्था हवी असे सुचवले. पुढच्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या पैशातून बाल्टिमोरमध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, तशी संस्था स्थापन झाली. आपल्याकडे 1932 मध्ये कोलकात्यात, त्याच अमेरिकन धर्मादाय पैशाच्या मदतीने, संस्था उभी राहिली. तिथून डॉक्टर डिप्लोमा घेऊन बाहेर पडत आणि सरकारी आरोग्य अधिकारी होत. मग 1946 चा भोर समितीचा तो प्रसिद्ध अहवाल आला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातलीच, म्हणून त्याचे गुणगान सगळे करतात. त्याच अहवालाने प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकाचा विभाग वैद्यकीय महाविद्यालयाच्या आत आणायला सांगितला, याची चर्चा फारशी होत नाही. 'सामाजिक डॉक्टर' घडवण्याचा हेतू चांगलाच होता. पण सार्वजनिक आरोग्याचा माणूस म्हणजे आधी डॉक्टर, हे समीकरण तिथे पक्के झाले.

त्याचे पुढे काय झाले ते कुठल्याही एमबीबीएसवाल्याला विचारा. पीएसएम, म्हणजे हाच प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकाचा विषय, त्याला आठवतो तो असा : जलशुद्धीकरण केंद्राची सहल, दत्तक कुटुंबाच्या भेटी आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली घोकंपट्टी. विभागाचे नाव पुढे 'कम्युनिटी मेडिसिन' झाले, पण पदव्युत्तर प्रवेशात एमडीच्या या जागा शेवटी भरायच्या त्या शेवटीच भरतात. तरीही महाविद्यालयात त्या विभागात प्राध्यापक व्हायचे तर रस्ता मुख्यतः त्याच एमडीतून जातो. एमबीबीएसनंतर एमपीएच केलेल्यालाही तिथे दार सहज उघडत नाही.

मराठीत आणखी एक गोंधळ आहे, तो शब्दाचा. 'सार्वजनिक' म्हटले की आपल्याला बांधकाम खाते, शौचालय किंवा गणपती आठवतो. सार्वजनिक आरोग्य म्हणजे सरकारी दवाखाना, असाच अर्थ घरात घेतला जातो. त्यामुळे एमपीएच करणाऱ्या मुलीला नातेवाईक हमखास विचारतात, 'म्हणजे तू सरकारी डॉक्टर होणार का?' ती डॉक्टर असो वा नसो, उत्तर 'नाही' असेच असते. राज्याच्या रचनेतही वैद्यकीय शिक्षण एका खात्याकडे आणि सार्वजनिक आरोग्य दुसऱ्याकडे आहे. शिकवणारे आणि नेमणारे असे दोन घरांत राहतात.

आजच्या अर्थाचा एमपीएच 1997 मध्ये तिरुवनंतपुरममध्ये सुरू झाला. खरी गर्दी उसळली ती 2005 नंतर. त्याच्या आदल्याच वर्षी साथरोग सर्वेक्षणाचा देशव्यापी प्रकल्प सुरू झाला होता, त्यात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाची भर पडली आणि जिल्ह्याजिल्ह्यात व्यवस्थापक, समन्वयक, साथरोगतज्ज्ञ अशी पदे निघाली. मुंबई-पुण्यासह अनेक विद्यापीठांनी अभ्यासक्रम काढले. वर्गात बसायला आले ते प्रामुख्याने बीडीएस, बीएएमएस आणि बीएचएमएस झालेले. खासगी महाविद्यालयांतून दंतवैद्य भरमसाट बाहेर पडत होते, आणि दवाखाना थाटायला लागणारे भांडवल सगळ्यांच्या घरी नव्हते. त्यांच्यासाठी एमपीएच ही रुळ बदलण्याची जागा ठरली.

बिगर-डॉक्टरांना घ्यावे की नाही, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. विरोधकांचा मुद्दा साधा आहे : साथीत निर्णय घेताना आजार कळला पाहिजे. तो खोटा नाही. पण जिल्ह्यातले काम आठवून पाहा. नोंदी जुळवणे, आकड्यांतली लबाडी ओळखणे, आशा कार्यकर्तीचा मोबदला का अडला ते शोधणे, सरपंचाला समजावणे. यातल्या किती कामांना स्टेथोस्कोप लागतो? माझ्या मते वाद ज्ञानापेक्षा सहीच्या अधिकाराचा जास्त आहे.

एमपीएच खरोखर कामी आल्याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. बाल्टिमोरच्याच त्या संस्थेतून शिकून आलेल्या एका डॉक्टर दाम्पत्याने 1986 मध्ये गडचिरोलीत काम सुरू केले. गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि हस्तक्षेप झालेल्या 39 गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये शोधनिबंधातून मांडले. ही पद्धत पुढे देशाच्या धोरणात गेली. पदवीने कामाची दिशा बदलते ती अशी. पण ते दोघे आधीच एमडी होते, आणि नोकरीच्या रांगेत उभे नव्हते.

रांगेत उभे असलेल्यांच्या वाट्याला 11 महिन्यांची ऑर्डर आली. पद तेच, टेबल तेच, ऑर्डर दरवर्षी नवी. कायम पदे, म्हणजे तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, राज्याच्या वैद्यकीय सेवेतून भरली जातात. कोविडमध्ये 'साथरोगतज्ज्ञ' हा शब्द घराघरांत पोहोचला, तात्पुरत्या जागा निघाल्या आणि लाट ओसरताच गेल्या. मार्च 2024 मध्ये 10 वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या नियमित सेवेत समायोजनाचा शासन निर्णय झाला. अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा संप करावा लागला. दुसरा आधार होता परदेशी निधीवर चालणाऱ्या एचआयव्ही-क्षयरोग प्रकल्पांचा. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि तोही डळमळला.

तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र संवर्ग जुनाच आहे; मद्रास प्रांताचा कायदा 1939 चा. देशपातळीवर हीच सूचना 2017 च्या आरोग्य धोरणात आली. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शिकेने सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्य व्यवस्थापन असे दोन वेगळे संवर्ग सुचवले, म्हणजे कागदावर तरी ती तिरपी रेघ मोडली. व्यवस्थापनाच्या संवर्गात बिगर-डॉक्टरांना वाट आहे. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने पदे निर्माण करायची ती राज्यांनीच.