पहिल्या मिनिटापासून चालणारं मॉड्यूल

मेंदूतल्या गाठीचं आकारमान मोजायची नवी रीत एखाद्या संशोधकाला सुचली, तर तिचं गणित बऱ्याचदा पानभर कोडमध्ये मावतं. वेळ जातो तो इतर गोष्टींत: एमआरआयच्या फाइली उघडणं, तिन्ही दिशांचे काप पडद्यावर दाखवणं, बटणं, स्लायडर. ही सगळी तयारी थ्रीडी स्लायसर या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळते. १९९८ साली बोस्टनचं ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या एकत्र कामातून, एका मास्टर्सच्या प्रबंधाच्या निमित्ताने ते सुरू झालं. आपलं गणित त्यात बसवायचं, तर 'मॉड्यूल', म्हणजे स्लायसरला जोडता येणारा छोटा प्रोग्राम, लिहायचं.

त्याची सुरुवात कोऱ्या फाइलीपासून करावी लागत नाही. स्लायसरमधल्या एक्स्टेन्शन विझार्डला, म्हणजे तयार साच्यातून मॉड्यूल बनवून देणाऱ्या साधनाला, मॉड्यूलचं नाव, प्रकार आणि फोल्डर सांगितलं की सांगाडा तयार. आत जादू काहीच नाही. साच्याच्या फोल्डरमध्ये, फाइलींच्या नावांत आणि मजकुरात, जिथे जिथे 'टेम्प्लेटकी' हा शब्द आहे, तिथे विझार्ड तुमचं नाव घालतो. छापील अर्जातल्या रिकाम्या जागा भराव्यात, तसंच हे.

पण हा अर्ज भरताक्षणी चालायला लागतो. पायथन मॉड्यूलचा साचा निवडला, तर आत आलेली प्रतिमा, बाहेर जाणारी प्रतिमा, उंबरठ्याचा (म्हणजे मर्यादेच्या आकड्याचा) स्लायडर आणि 'अप्लाय' बटण असलेलं पॅनेल लगेच दिसतं. ठरवलेल्या उंबरठ्यावर प्रतिमेतले आकडे (प्रत्येक बिंदू किती उजळ ते सांगणारे) छाटणं, एवढंच त्याचं काम. वैद्यकीयदृष्ट्या ते निरुपयोगीच आहे. सीटीत पाणी शून्य आणि हवा उणे १००० असं माप ठरलेलं असतं. एमआरआयच्या आकड्यांना तसा आधार नसतो, त्यामुळे तिथे १०० या उंबरठ्याला स्वतःचा काही अर्थ नाही.

मोलाची आहे ती कोडची मांडणी. पडद्यावरचा भाग 'विजेट' या क्लासमध्ये (कोडच्या स्वतंत्र कप्प्यात), गणित 'लॉजिक'मध्ये, चाचणी तिसरीकडे. नवखा माणूस सगळं बटणाच्या फंक्शनमध्येच कोंबतो. मग शेकडो रुग्णांच्या प्रतिमा रात्रभर आपोआप तपासायच्या ठरल्या, की बटण दाबणार कोण? लॉजिक वेगळं असलं तर खिडकी न उघडताही ते चालवता येतं. चाचणीसुद्धा नावापुरती नाही. ती नमुना प्रतिमा उघडून आकडे ० ते ६९५ आहेत ना हे बघते, उंबरठा १०० ठेवून छाटणी करते आणि निकालातला सर्वांत मोठा आकडा १०० आला का, हे तपासते.

सी प्लस प्लस या भाषेतल्या कमांड लाइन मॉड्यूलची (खिडकीशिवाय, टाइप केलेल्या आज्ञेनेही चालणाऱ्या) तऱ्हा याहून मजेशीर. तिथे एका एक्सएमएल फाइलीत (खुणा घालून माहिती मांडलेल्या मजकुराच्या फाइलीत) फक्त यादी द्यायची: एक प्रतिमा आत, एक बाहेर, एक दशांश संख्या. ती यादी वाचून स्लायसर पॅनेल स्वतः रचतो आणि कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारा कोडही बिल्ड होताना (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनताना) आपोआप लिहिला जातो. यादीत ओळ वाढवून पुन्हा बिल्ड केलं की दोन्ही बदलतात. मला विझार्डपेक्षा ही कल्पना जास्त आवडते. विझार्ड कोड एकदा देऊन मोकळा होतो, पुढची निगराणी तुमची.

साचा एका ठिकाणी मात्र तुमचा हात सोडतो: दिशा. स्लायसर आतमध्ये रुग्णाची उजवी बाजू धन मानतो, म्हणजे उजवीकडे जाताना आकडा वाढतो. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित फाइलींत डावी बाजू धन असते. फाइल उघडताना स्लायसर हा बदल स्वतः करतो, पण तुमच्या कोडने बाहेरून आणलेल्या बिंदूंचं काय? त्यात नमपाय या पायथनच्या लायब्ररीतल्या अ‍ॅरेमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) अक्षांचा क्रमही उलटा असतो, आधी काप, मग ओळ, मग स्तंभ. कवटी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच, त्यामुळे डावं-उजवं पलटलं तरी चित्र बघून शंका येत नाही, आणि उंबरठ्याची चाचणीही बिनबोभाट पास होते. यासाठी चाचणी आपणच जोडायची: रुग्णाच्या उजवीकडे एकच ठळक बिंदू असलेली प्रतिमा बनवायची आणि मॉड्यूलने दिलेला त्याचा पहिला निर्देशक (डाव्या-उजव्या दिशेचा आकडा) धन येतो का, ते बघायचं.