पिना काढून आणू नका! स्कॅनिंगला कागद देण्याआधी एवढं वाचा

खरेदी-विक्रीची बिलं, जॉबवर्कची (बाहेर मजुरीवर करून घेतलेल्या कामाची) चलनं, जुने रोजमेळ, सोसायटीचे ठराव असं सगळं आमच्याकडे स्कॅनिंगला येतं. काम उरकून पेनड्राइव्ह दिला की थोड्याच दिवसांत फोन येतो, "स्कॅन झालंय सगळं, पण पाहिजे तो कागद सापडत नाही." याचं कारण बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतं. कागद आमच्याकडे येण्याआधी त्यांचं जे होतं, त्यात असतं.

पिन कुणी काढायची?

मशीनमध्ये पिन अडकेल म्हणून बरेच जण आदल्या रात्री बसून स्टेपलरच्या पिना, टाचण्या, टॅग सगळं काढतात आणि सरळ, एकसारखा गठ्ठा करून आणतात. हेतू चांगला असतो, पण आमचं सगळ्यात जास्त काम यातूनच वाढतं. कुठला कागद कशाबरोबरचा, हे त्या पिनेलाच माहीत होतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीची एखादी फौंड्री घ्या. कास्टिंग मशिनिंगला गेलं त्याचं चलन, काटा पावती (वजनाची), माल परत आल्याचं चलन, इन्स्पेक्शन रिपोर्टची दोन पानं आणि मजुरीचं बिल. सहा कागद, एक पिन. पिन निघाली की रिपोर्टचं दुसरं पान अनाथ होतं, कारण त्यावर ना तारीख असते ना पार्टीचं नाव. काटा पावतीवर गाडी नंबर असतो, चलन नंबर नसतो. आणि हे जुळणं गरजेचं आहे. जीएसटीत जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षाच्या आत आणि यंत्रसामग्री तीन वर्षांच्या आत परत आली नाही, तर पाठवला त्याच दिवशी पुरवठा (म्हणजे कर लागणारी विक्री) झाला असं धरतात (साचे, डाय, जिग-फिक्श्चर यांना ही मुदत नाही). माल मुदतीत आला हे दाखवायचं तर गेलेलं आणि आलेलं चलन शेजारी-शेजारी लागतं. सुट्या गठ्ठ्यात आम्ही मग गाडी नंबर, वजन, शाईचा रंग बघत जोड्या लावत बसतो. तरीही दहा-वीस पानं 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये जातातच, आणि पुढे नेमकं त्यातलंच एखादं हवं असतं.

म्हणून पिना तशाच ठेवून आणा. आम्ही पिन काढतो आणि त्या जागी बारकोडचं पान घालतो. स्कॅनरचं सॉफ्टवेअर ते पान वाचून तिथं एक फाइल संपवतं आणि पुढची सुरू करतं. बारकोडचं पान तुमच्या फाइलीत येत नाही आणि त्याचे पैसेही लागत नाहीत.

पिना काढण्याचे वेगळे पैसे कशाला, असं विचारणारे आहेत. राहून गेलेली एक पिन फीडरच्या (कागद आपोआप ओढणाऱ्या भागाच्या) काचेवर ओरखडा पाडते. मग पुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ उमटते. ती रकमेच्या रकान्यातून गेली तर तो १ आहे की रेघ, हे सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक गठ्ठा हातानं कोपऱ्यापासून चाळावा लागतो, त्याचे हे पैसे. ते वाचवायचे असतील तर बारकोडची पानं काउंटरवरून फुकट न्या आणि पिन काढली की लगेच त्या जागी एक पान ठेवा. पान दुमडू नका, झेरॉक्सची झेरॉक्स काढू नका, रेघा पुसट झाल्या की मशीन ते वाचत नाही. बारकोडचं पान नसेल तर पातळ रंगीत कागद चालेल, आम्ही ते बदलून घेऊ. कोरा पांढरा मात्र घालू नका. कोरी पानं वगळायची सोय चालू असली की मशीन ते पानही टाकून देतं आणि खूणच नाहीशी होते.

याच सोयीमुळे आणखी एक गोष्ट घडते. बिलाच्या मागे पेन्सिलीनं 'रोख दिले, बाकी ४०००' असं लिहिलेलं असतं. फिकट पेन्सिल म्हणजे मशीनच्या लेखी कोरं पान. मागे लिहायची सवय असेल तर आधी सांगा, म्हणजे ती सोय बंद ठेवून दोन्ही बाजू घेतो. पानं थोडी जास्त मोजली जातील, पण हिशेब राहील.

कागदाची जात बघून

साध्या छापील बिलाला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) पुरे. ६०० करा असा आग्रह पुष्कळ जण धरतात, त्यानं फाइल फुगते, वाचायला फरक पडत नाही. बिलबुकातल्या गुलाबी-पिवळ्या कार्बन कॉपीला मात्र काळं-पांढरं सेटिंग चालत नाही, अक्षर उडतं. ती रंगीत किंवा ग्रेस्केलमध्येच (करड्या छटांत) घेतो. सहीवर निळा शिक्का असेल तर रंगीतच.

पेट्रोल पंपाची स्लिप, कार्डाच्या मशीनची पावती, बऱ्याच ठिकाणची काटा पावती हा थर्मल कागद. त्यावर शाई नसते, उष्णतेनं रंग बदलणारा थर असतो. म्हणून ऊन, तेलाचा हात, सेलोटेप, प्लास्टिकचं पाकीट सगळंच त्याला बाधतं, आणि लॅमिनेशनला टाकला तर तो कागद जागच्या जागी काळा होतो. अशा पावत्या वर्षाअखेरीपर्यंत साठवू नका, महिन्याच्या महिन्याला द्या.

जुलै-ऑगस्टात आपल्याकडचे कागद सर्द होतात, दोन-दोन चिकटून जातात. दोन पानं एकदम गेली की सेन्सर मशीन थांबवतो, पण पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीलाही तो दुसरं पानच समजतो. चिठ्ठ्या चिकटवलेली पानं वेगळी काढा, ती फीडरऐवजी सपाट काचेवर ठेवून घेऊ. सर्द कागद एक दिवस पंख्याखाली पसरा, उन्हात नको.

जे आधीच पीडीएफ आहे

मेलवर आलेली बिलं, ई-वे बिल, बँक स्टेटमेंट, डिजिटल सहीचा सातबारा यांची प्रिंट काढून आमच्याकडे स्कॅनिंगला आणू नका. आमचं उत्पन्न कमी होईल, हरकत नाही. मूळ पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो, डिजिटल सही तपासता येते. प्रिंटच्या स्कॅनमध्ये ती सही नुसतं चित्र होते. अशा फाइली पेनड्राइव्हवर द्या, स्कॅन केलेल्यांबरोबर एकाच क्रमानं लावून देऊ.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून 'याची पीडीएफ करा' म्हणणाऱ्यांसाठी: साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. ए-४ कागदाला ३०० डीपीआयवर ३५०८ लागतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे आहे तसा येतो.

नाव आणि यादी

'मशीन अक्षरं वाचतं ना, मग नाव कशाला?' छापील इंग्रजी चांगलं वाचतं, स्वच्छ छापील मराठी बऱ्यापैकी. हातचं लिखाण, रिबन संपत आलेल्या डॉट मॅट्रिक्सची बिलं आणि मोडी यांच्यावर विसंबू नका. सापडायला शेवटी फाइलचं नावच उपयोगी पडतं. आम्ही तारीख उलटी लिहितो, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०७-१८. ०१-०४-२०२४ असं लिहिलं तर कॉम्प्युटर सगळ्या वर्षांतल्या एक तारखा एकत्र गोळा करतो. बिल नंबरात तिरकी रेघ असेल तर तिथं आडवी घालतो, फाइलच्या नावात विंडोजला तिरकी चालत नाही.

तुमच्याकडून एकच हवं, पार्ट्यांची यादी. एकाच पार्टीला कुणी 'अँड सन्स' लावतं, कुणी नुसतं आडनाव, मग एकाचे तीन फोल्डर होतात. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जे नाव आहे तेच द्या.

मूळ कागद रद्दीत कधी?

लगेच नाही. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात. म्हणजे २०२३-२४ ची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून पुढेही. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षांची. त्यातलं काय कागदावर ठेवायचं आणि काय नुसतं फाइलीत चालेल, हे तुमच्या सीएंना विचारून ठरवा. खरेदीखत, मृत्युपत्र, ट्रस्टचे दस्त, स्टॅम्पपेपरवरचे करार यांची मूळ प्रत कधीच टाकायची नाही, स्कॅन कितीही चांगला असो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा, तिची ओळख पटवणारा अंक-अक्षरांचा कोड) लिहावं लागतं. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही. पण साइज कमी करायला एखाद्या वेबसाइटवर टाकून घेतली की बदलतो. म्हणून आमची मूळ प्रत तशीच ठेवा, मेलला लागेल ती लहान प्रत वेगळी करा. हॅशची यादी आम्ही प्रत्येक कामाबरोबर देतो, मागावी लागत नाही.

प्रती किती?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात सखल भागातल्या दुकानांत पाणी शिरलं तेव्हा कागद आणि कॉम्प्युटर एकाच टेबलावर असतील तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. आम्ही दोन हार्ड डिस्कवर डेटा देतो. एक ऑफिसात, दुसरी वेगळ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवा. तिसरी प्रत क्लाउडवर. गूगलची फुकट १५ जीबी जागा जीमेलसकट मोजली जाते, ती भरली की येणारे मेल अडतात. तेव्हा स्कॅनसाठी वेगळं खातं काढा, आणि ते घरातल्या पोराच्या नावानं नको, फर्मच्या नावानं.

टॅक्स ऑडिटच्या गर्दीत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पिना काढायला माणसं कमी पडतात. घाईचं काम असेल तर त्याआधी या. पहिल्यांदा देत असाल तर सगळी कपाटं रिकामी करू नका. पिना लावलेली एकच बॉक्स फाइल आणा, तिचं काम करून दाखवतो, त्यात एखादं बिल शोधून बघा आणि मग बाकीचं द्या. दरपत्रक काउंटरवर लावलेलं आहे.