खोक्यातले मॅन्युअल आणि विकतचे डीसीसी गाईड

मॉडेल रेल्वेचा डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा पाठवण्याची पद्धत) संच घेतला की खोक्यात जाडसर मॅन्युअल मिळते. वेगळे गाईड चाळले तर त्यातही तीच बटणांची चित्रे आणि तेच सीव्हींचे (इंजिनातल्या क्रमांकित सेटिंग्जचे) तक्ते. मग एक हाताशी असताना दुसरे कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण कामे निराळी आहेत. मॅन्युअल एका कंपनीच्या कमांड स्टेशनचे (आज्ञा पाठवणाऱ्या यंत्राचे) असते आणि कोणते बटण दाबायचे ते सांगते. गाईड डीसीसी या प्रमाणपद्धतीचे असावे लागते: रुळांतून काय जाते, इंजिनातला डिकोडर (आज्ञा वाचणारे सर्किट) ते कसे वाचतो, इंजिन अडले तर दोष कुठे शोधायचा.

समजा, इंजिनाला ३२०५ हा पत्ता द्यायचा आहे. मॅन्युअल म्हणते, पत्त्याचा मेन्यू उघडा, चार आकडे टाका, एंटर दाबा. बहुतेकदा काम होते. सीव्ही एकेक करून भरायची वेळ आली, की गाईड लागते. ३२०५ ला २५६ ने भागा: भागाकार १२, बाकी १३३. भागाकारात १९२ मिळवून आलेले २०४ सीव्ही १७ मध्ये, १३३ सीव्ही १८ मध्ये. एवढ्यावर थांबलात तर इंजिन अजून जुन्या, कारखान्यातून आलेल्या ३ याच पत्त्याला ओ देईल, कारण लांब पत्ता चालू करणारा ३२ हा आकडा सीव्ही २९ मध्ये मिळवायचा राहिला.

गाईडची खरी परीक्षा या सीव्ही २९ वर होते. ती एक बेरीज आहे: उलटी दिशा १, २८ किंवा १२८ वेगपायऱ्या २, साध्या डीसीवर (डीसीसी नसलेल्या रुळांवर) चालणे ४, रेलकॉम (डिकोडरने उलट माहिती पाठवणे) ८, वेगतक्ता १६, लांब पत्ता ३२. नुसते ‘३८ भरा’ असे छापणारे पुस्तक घेऊ नका. डिकोडरात आधी रेलकॉम चालू असेल तर ३८ भरताच ते बंद पडते आणि कारण कळत नाही. बेरीज समजली की ४ चाही निर्णय घेता येतो. तो राहू दिला तर संकेत नीट न वाचलेला डिकोडर रुळांवर साधे डीसी आहे असे समजून इंजिन भरधाव सोडू शकतो. डीसीवर कधीच चालवणार नसाल तर ३८ ऐवजी ३४ ठेवा.

काही गोष्टी मॅन्युअलमध्ये सापडणे कठीणच. लेन्झची यंत्रणा १०० पासूनचे पत्ते लांब धरते, तर डिजिट्रॅक्ससारख्या यंत्रणा १२७ पर्यंत आखूड धरतात. म्हणून एकीवर ११५ पत्ता दिलेले इंजिन दुसरीवर हलत नाही. इंजिन बिघडलेले नसते.

वायरिंगबाबत मॅन्युअल बहुधा दोन तारा रुळांना जोडायला सांगून थांबते. लहान गोलाला ते पुरते. मोठ्या मांडणीला खालून बस वायर (मुख्य जाड तार) आणि जागोजागी फीडर (तिला रुळांशी जोडणाऱ्या छोट्या तारा) लागतात. अमेरिकी गाईडमध्ये बससाठी १४ गेज लिहिलेले असते. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात त्यासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तार मागा. ब्रिटिश पुस्तकातले ३२/०.२ म्हणजे ०.२ मिलिमीटरचे ३२ धागे, सुमारे १ चौरस मिलिमीटर. तारेच्या जाडीने किती फरक पडतो ते पाहा: १० मीटर लांबीवर ३ अँपिअरला २.५ च्या तारेत जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी घट होते, ७/०.२ च्या बारीक तारेत पाचेक व्होल्ट.

चांगल्या गाईडमध्ये नाण्याची चाचणीही हवी. दोन्ही रुळांवर रुपयाचे नाणे आडवे ठेवले की वीज लगेच तुटली पाहिजे. नाही तुटली तर वायरिंगचा रोध जास्त आहे. गाडी घसरून शॉर्ट झाले तर प्रवाह वाहत राहतो आणि चाके तापून प्लास्टिक वितळते. मांडणीत टोकापर्यंत ठिकठिकाणी हे करून बघा.

प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सीव्ही भरायच्या वेगळ्या रुळावर) एरर आली तर काय, हेही शोधा. डिकोडर मोटर क्षणभर चालवून सुमारे ६ मिलिसेकंदांचा, किमान ६० मिलिअँपिअरचा झटका देतो; तीच त्याची पोच. चाके मळलेली असली किंवा मोटर जोडलेली नसली तर पोच येत नाही, पण सीव्ही लिहिली गेलेली असू शकते.

घेताना छपाईचे साल बघा. डिकोडर बसवायचे फक्त ८ पिनांचे सॉकेट दाखवणारे पुस्तक २१एमटीसी, प्लक्स२२ किंवा नेक्स्ट१८ सॉकेट असलेल्या आजच्या इंजिनांना अपुरे पडते. मुखपृष्ठावरच्या ‘डिजिटल’ शब्दावरही जाऊ नका: मार्क्लिन कंपनीच्या मोटोरोला आणि एमएफएक्स पद्धती डीसीसीहून वेगळ्या आहेत. आणि पानोपानी एकाच कंपनीची बटणे असतील तर ते दुसरे मॅन्युअलच.

तरी खोक्यातले मॅन्युअल टाकू नका. एचओ आणि एन या मापांच्या गाड्यांसाठी रुळांवरचा व्होल्टेज कुठे बदलायचा ते त्यातच असते. तसेच डिकोडरचे पत्रकही जपा: सीव्ही ८ मध्ये ८ भरून रीसेट करायला गाईड सांगते, पण प्रत्येक डिकोडर तसा रीसेट होत नाही.